उंदीरच तर आहे!

‘उंदरांवरील चाचणी यशस्वी’ हे वाक्य देशातील विज्ञानवार्तांत इतक्या वेळा येते की वाचकाची नजर त्यावर अडखळतही नाही. मधुमेहाचे औषध असो, कर्करोगावरील नवे संयुग असो वा एखादी लस, माणसापर्यंत जाणारी वाट बहुधा याच प्राण्याच्या देहातून जाते. मात्र तोच प्राणी एखाद्या घरी पिंजऱ्यावरून पडला, त्याची शेपटी दारात चिरडली किंवा त्याला अचानक धाप लागली, की दवाखान्यात अनेकदा एकच उत्तर ऐकू येते : उंदीरच तर आहे, दुसरा आणा.

हे उत्तर निर्दय आहेच, पण त्याहून अधिक ते अवैज्ञानिक आहे. ज्या सस्तन प्राण्यांचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला, त्यांत उंदराचे स्थान फार वरचे आहे. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत १९०६ साली सिद्ध झालेला पांढऱ्या उंदरांचा वंश आज जगभरच्या प्रयोगशाळांत नांदतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत त्याच वंशाच्या उंदरांची पिढ्यान्‌पिढ्या जोपासना झाली आहे. त्याला भूल किती द्यावी, वेदनाशामक किती द्यावे, शस्त्रक्रियेनंतर ऊब कशी राखावी, हे सारे ग्रंथबद्ध आहे. वेदना होत असताना त्याचे डोळे कसे मिटत जातात, नाक व गाल कसे सपाट होतात, कान व मिशा कशा वळतात, हे मोजण्याची श्रेणीही २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यामुळे ‘उंदरावर उपचार कसे करणार?’ हा प्रश्न अज्ञानातून नव्हे, अनास्थेतून उपजतो.

कायद्याची गंमत तर अधिकच बोलकी आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० प्राण्याची व्याख्या ‘मनुष्य सोडून कोणताही सजीव प्राणी’ अशी करतो. तीत उंदीर वगळलेला नाही. हाच कायदा मोठ्या प्राण्यांऐवजी शक्यतो उंदीर, ससे, गिनीपिग, बेडूक यांवर प्रयोग करावेत असे सांगताना उंदराचा नामनिर्देश करतो, आणि शस्त्रक्रियेच्या प्रयोगांत पुरेशा भुलीची अपेक्षाही ठेवतो. प्रयोगशाळेतील उंदराच्या वेदनेची दखल घेण्यासाठी संस्थेची नीतिसमिती असते, तीत पशुवैद्यही असतो. त्याच जातीचा उंदीर घरात आला की त्याच्या वेदनेला वाली उरत नाही. वेदना जातीवर नव्हे, पत्त्यावर ठरू लागली, तर त्याला विज्ञान म्हणता येत नाही.

येथे वेळेचा प्रश्न गंभीर आहे. तीनशे ग्रॅम वजनाच्या उंदराच्या अंगात जेमतेम २० मिलिलिटर रक्त असते. चहाचा एक चमचा रक्त सांडले, की एकूण रक्ताचा चौथा हिस्सा गेला. त्याचे हृदय मिनिटाला ३००हून अधिक वेळा धडधडते, लहान देह झपाट्याने थंड पडतो, आणि भक्ष्य म्हणून जगलेला हा जीव दुखणे अखेरपर्यंत लपवतो. म्हणून ‘उद्या पाहू’ हे शब्द त्याच्यासाठी बहुधा मृत्यूचेच असतात. जखमेवर स्वच्छ कापड काही मिनिटे न उचलता दाबून धरणे. हवा खेळेल अशा अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवणे. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली एकाच बाजूला ठेवणे, म्हणजे नको असल्यास त्याला दूर सरकता येते. आणि तातडीने पशुवैद्य गाठणे, एवढे घरी करता येते. उष्माघातात मात्र ऊब नव्हे, सावली आणि शेपटीला व पायांना ओलावा हवा. पाणी बर्फाचे नको. शेपटीला धरून उचलू नये, तिची त्वचा सोलून निघते. धाप लागलेल्या उंदराच्या तोंडात पाणी ओतू नये आणि माणसांची वेदनाशामके अंदाजाने देऊ नयेत. उंदराला उलटी करता येत नाही, गिळलेले परत येत नाही. डोळ्यांभोवती दिसणारा लाल स्राव बहुधा रक्त नसून पॉर्फिरिन असते. पण तो ताणाचा वा आजाराचा इशारा असतो, दुर्लक्षाचा परवाना नव्हे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की उंदीर रोग पसरवतो. रानटी उंदरांचा बंदोबस्त करणे हे सार्वजनिक आरोग्याचे कर्तव्य आहे. मुंबईच्या १८९६च्या प्लेगची आठवण असलेल्या देशाला ते सांगावे लागत नाही. पण गटारातल्या उंदराचा बंदोबस्त आणि पिंजऱ्यातल्या उंदराचा उपचार यांत विरोध नाही. उलट, चावल्यावर जखम साबणाने धुवून डॉक्टरांना दाखवावी हे घरच्यांना समजावून सांगणारा पशुवैद्य दोन्ही कामे साधतो. दुसरा आक्षेप असा, की गायी-म्हशींनाच पशुवैद्य पुरत नाहीत. ही टंचाई खरी आहे. पण येथे नवे रुग्णालय मागितलेले नाही. ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, बारीक सुईची पिचकारी, प्राणवायू सोडता येईल असा लहान डबा आणि वजनानुसार औषधमात्रांचा एक तक्ता, एवढीच ही मागणी आहे. तक्त्यासाठी लागणारे ज्ञान देशाच्या प्रयोगशाळांत पूर्वीपासून आहे.

दोष केवळ दवाखान्यांचा नाही. दोन-तीन वर्षांचे आयुष्य असलेला जीव हौसेने घरी आणणाऱ्याने तो आणण्याआधीच जवळचा जाणकार पशुवैद्य शोधून ठेवला पाहिजे. संकट आल्यावर भ्रमणध्वनीवर बोटे फिरवत बसणे ही माया नव्हे, बेपर्वाईच होय. विक्रेत्यानेही पिंजऱ्याबरोबर ही जाणीव दिली पाहिजे.

प्रयोगशाळेत मिळवलेले ज्ञान ज्या प्राण्याच्या देहातून मिळाले, त्या प्राण्याच्या दारी ते परतू नये, यासारखी कृतघ्नता विज्ञानाला शोभत नाही. पशुवैद्यक महाविद्यालयांनी प्रयोगशाळेतील हे ज्ञान बाह्यरुग्ण विभागात आणावे, आणि विद्यार्थ्यांनी ते मागावे. ‘उंदीरच तर आहे’ हे वाक्य यापुढे उत्तर म्हणून नव्हे, निदानाचा आरंभ म्हणून उच्चारले जावे : समोर उंदीर आहे, त्याचे वजन इतके, श्वास इतका, आणि वेळ थोडा आहे.