एक वाडा, अनेक बिऱ्हाडें

गेल्या महिन्यांत आमच्या सुभाषितसंग्रहाच्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला असतां सूनबाईंच्या मसाल्यांचें दुकान उघडूं लागलें! दोन्ही स्थळें एकाच सर्व्हरवर आहेत, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. कारण विचारतां चिरंजीवांनीं उलगडा केला तो असा.

पूर्वीं प्रत्येक स्थळास बहुधा स्वतंत्र आयपी पत्ता लागे. आणि चौथ्या आवृत्तीचे असे पत्ते एकंदर सुमारें ४२९ कोटीच. पुढें १९९७ सालीं एचटीटीपी १.१ ह्या नियमावलीनें प्रत्येक मागणीबरोबर ‘होस्ट’ ह्या सदरांत स्थळाचें नांव सांगणें आवश्यक केलें. तेव्हांपासून एका पत्त्याच्या वाड्यांत अनेक बिऱ्हाडें सुखानें नांदूं लागलीं. मात्र नांव जुळलें नाहीं, तर अपाची सर्व्हर पाहुण्यास यादींतील पहिल्याच बिऱ्हाडीं नेऊन सोडतो. आमच्या नांवांतील एक अक्षर यादींत गळलें होतें!

अक्षर दुरुस्त झालें. तथापि वाड्यास आग लागल्यास सर्वच बिऱ्हाडें जळतात. यास्तव संग्रहाची एक प्रत आम्हीं अन्यत्र ठेवविली आहे. वाचकांनींहि तसें करावें. शुद्धलेखनाच्या आमच्या आग्रहास हंसणारे चिरंजीव हल्लीं हंसत नाहींत.