महापूर आणि घरांतील वडील माणसें

रोहिणी संपून मृगाचीं चिन्हें दिसूं लागलीं कीं शेतकऱ्याची जी धांदल उडते ती आमच्या वाचकांस सांगावयास नको. बी-बियाणें घरांत येऊन पडतें, औतें दुरुस्त होतात, गोठ्याचें छप्पर शाकारलें जातें, ओल लागूं नये म्हणून वैरण उंचावर रचली जाते. पावसापूर्वीं करावयाच्या कामांची ही यादी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें ठरलेली आहे, आणि ती चुकविणारा शेतकरी गांवांत हंशाचा विषय होतो. परंतु या यादींत एक काम अद्याप पडलेलें नाहीं. पूर आल्यास घरांतील वृद्ध, अधू व अंथरुणास खिळलेलीं माणसें कोणीं, केव्हां आणि कोठें न्यावयाचीं, हें आधीं ठरवून ठेवणें, हेंच तें काम होय. त्याची निकड कृष्णा व पंचगंगा यांच्या कांठच्या वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

भूकंप सूचना देऊन येत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत दगडमातीच्या जाड भिंती झोंपलेल्या माणसांवर कोसळल्या, तेव्हां लहानथोर कोणासच सावध होण्यास अवसर मिळाला नाहीं. पुराचें तसें नाहीं. धरणांतून पाणी सोडल्याची वार्ता येते, नदीची पातळी फुटाफुटानें कळत जाते, ओढ्यांस फुगवटा येऊं लागतो. म्हणूनच पुरांत एखादें म्हातारें माणूस मागें राहून दगावलें, तर तो केवळ दैवाचा कोप म्हणतां येत नाहीं; त्यांत आपल्या अव्यवस्थेचा वांटा मोठा असतो, असें आम्हांस स्पष्टपणें वाटतें.

सन २००५ च्या महापुरानें या खोऱ्यांतील लोकांच्या मनांत पाण्याची एक खूण पक्की केली. कोणी ती भिंतीवर दाखवी, कोणी देवळाच्या पायरीवर. ऑगस्ट २०१९ मध्यें ही खूण बुडाली. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरलेली आहे. त्या वर्षीं पाणी ५५ फुटांच्याही वर गेलें. सांगलीस आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट; तेथें तें ५७ फुटांवर चढलें. असा पूर आतां आपल्या हयातींत येत नाहीं, असें म्हणणाऱ्यांस दोनच वर्षांनीं, जुलै २०२१ मध्यें, नदीनें उत्तर दिलें.

अशा प्रसंगीं वृद्धांवरच संकट अधिक कां कोसळतें, याचा विचार इतर देशांतही झालेला आहे. अमेरिकेंत २००५ सालीं कॅटरिना वादळानें न्यू ऑर्लिन्स शहर बुडालें. त्या वेळीं लुइझियाना प्रांतांत जे मरण पावले त्यांपैकीं सुमारें निम्मे पंचाहत्तरीच्या पुढचे होते. जपानांत ११ मार्च २०११ च्या सागरी लाटेनें घेतलेल्या बळींत निम्म्याहून अधिक माणसें साठीच्या वरचीं होतीं. हीं दोन्ही राष्ट्रें धनवान् व साधनसंपन्न आहेत. तेव्हां येथें उणीव केवळ पैशाची किंवा यंत्रांची नव्हती, हें उघड आहे. ज्यास धांवतां येत नाहीं, रात्रींची दवंडी किंवा भोंगा ऐकूं येत नाहीं, काळोखांत पायरी दिसत नाहीं, आणि ज्याचीं औषधें एक दिवस चुकलीं तरी जीव घाबरा होतो, त्याच्यासाठीं वेगळी तजवीज हवी होती. ती वेळेवर झाली नाहीं.

आमच्याकडे यांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. थोरला मुलगा पुण्यास, धाकटा इचलकरंजीस किंवा मुंबईस, सुना-नातवंडें त्यांच्याबरोबर, आणि गांवीं दोन म्हातारीं माणसें, एक म्हैस व वीस गुंठे ऊंस, अशी घरें प्रत्येक गांवांत वाढत आहेत. पूर्वीं एकत्र कुटुंबांत आजोबांस उचलावयास चार हात घरचेच असत. आज ते हात शंभर कोसांवर असतात, आणि फोनवरून हांक मारण्यापलीकडे त्यांस कांहीं करतां येत नाहीं.

म्हातारीं माणसें हट्टी असतात, तीं घर सोडीतच नाहींत, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. तिच्यांत तथ्य आहे. पण त्या हट्टाचीं कारणें कोणी शोधीत नाहीं. आमच्या मतें तीं तीन आहेत. पहिलें कारण अनुभव. ज्यानें सत्तर पावसाळे पाहिले, त्यास पाणी आजवर कोठपर्यंत आलें हें पक्कें ठाऊक असतें. पण नदी जुन्या खुणा ओलांडूं लागली म्हणजे हाच अनुभव घातक होतो. दुसरें कारण जनावर. दावणीला बांधलेली म्हैस टाकून निघणें हें जन्मभर शेती केलेल्या माणसास पाप वाटतें, आणि त्यास त्याबद्दल बोल लावण्याचा अधिकार आम्हांस तरी नाहीं. तिसरें कारण लाज. शाळेच्या वर्गांत फरशीवर अंथरूण, उकिडवें बसण्याचे संडास, तेही आवाराच्या टोकाला, रात्रीं दिवा नाहीं. गुडघे गेलेल्या म्हातारीनें तेथें चार दिवस कसे काढावे? तिला हें सर्व ठाऊक असतें, म्हणून ती म्हणते, "मला माझ्याच घरांत मरूं द्या." हा हट्ट नव्हे, आपण केलेल्या सोयीवरचा तो अभिप्राय आहे.

यास्तव अगदीं शेवटच्या घटकेस बळजबरीनें बाहेर काढणें हा उपाय नव्हे. पाणी घरांत येण्याच्या आधीं बहुधा रस्ता जातो. ओढ्याच्या फुगवट्यानें वाट बुडाली कीं मग नावेवांचून गति नाहीं, आणि नाव म्हणजे नवें संकट. पलूस तालुक्यांत ब्रह्मनाळ येथें ८ ऑगस्ट २०१९ रोजीं पुरांतून निघालेली नाव क्षमतेहून अधिक माणसें घेतल्यानें उलटली व कित्येकांचे प्राण गेले. हलत्या नावेंत चढणें धडधाकट माणसासही कठीण. मग ज्याचा तोल काठीवर अवलंबून आहे त्याची काय कथा?

सरकार आहे, तें पाहील, असें कोणी म्हणेल. आपत्ति व्यवस्थापनाचा कायदा २००५ सालीं झाला, राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल २००६ सालीं उभें राहिलें, आणि त्या दलाच्या जवानांनीं या खोऱ्यांत जिवावर उदार होऊन केलेलें काम आम्ही विसरलों नाहीं. पण गल्लींतल्या कोणत्या घरांत, मागच्या खोलींत, कोण पडून आहे, हें त्या जवानास ठाऊक नसतें, शेजाऱ्यास असतें. पहिले कांहीं तास नेहमीं शेजाऱ्याचेच असतात. आणि शेजाऱ्याचें काम ठरवून देण्यास कोणत्याही सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

आमची सूचना अशी. प्रत्येक नदीकांठच्या गांवानें वैशाखांतच वृद्ध व अधू माणसांची यादी करावी आणि प्रत्येक नांवापुढें दोन धडधाकट माणसांचीं नांवें लिहावीं. एक परगांवीं गेला तर दुसरा असावा म्हणून दोन. 'गांव नेईल', 'तरुण मंडळ नेईल' असें लिहूं नये. जें सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे. याद्या करून भागत नाहीं हें जपाननेंही अनुभवानें जाणलें. त्या देशानें २०१३ सालीं कायदा बदलून अशा माणसांच्या याद्या करणें नगरपालिकांवर सोंपविलें, आणि २०२१ सालीं पुन्हां दुरुस्ती करून, प्रत्येक माणसास कोण, कोठें नेणार याची स्वतंत्र योजना आखण्याचा प्रयत्न करणें हें त्यांचें कर्तव्य ठरविलें.

ही यादी कोणीं करावी? आमच्या मतें गांवची दूध संस्था यास सर्वांत योग्य. सकाळ-संध्याकाळ दोन वेळां गांवाशीं जिचा संबंध येतो अशी दुसरी संस्था नाहीं. कोणाच्या घरीं कोण उरलें आहे, कोणाचें दूध आज आलें नाहीं, हें तिच्या सचिवास वहीवरून कळतें. ज्यांच्या दारीं जनावर नाहीं अशा निराधार विधवा व भूमिहीन वृद्ध मात्र त्या वहींत सांपडणार नाहींत. त्यांच्यासाठीं आशा व अंगणवाडी सेविकांस विचारावें, आणि श्रावणबाळ व संजय गांधी योजनांच्या लाभार्थींचीं नांवें ताडून पाहावीं. सर्वांत एकाकी माणूसच बहुधा यादींतून सुटतो, हें ध्यानांत असावें.

निघण्याची वेळही आधींच ठरावी. राजाराम बंधाऱ्यापाशीं ३९ फूट व आयर्विन पुलापाशीं ४० फूट ही इशारा-पातळी आहे. तरुणांसाठीं तो इशारा असेल. वृद्धांसाठीं तीच निघण्याची घटका समजावी. ज्या गांवांची वाट त्याहूनही आधीं बुडते त्यांनीं आपला आंकडा त्याहून खालीं धरावा. दिवस मावळण्यापूर्वीं निघावें. चार वेळां व्यर्थ जावें लागलें तरी चालेल; पांचव्या वेळीं तें व्यर्थ ठरणार नाहीं.

माणसांच्या आधीं जनावरें हलवावीं, ही सूचना कांहींस उलटी वाटेल. पण ती आम्ही विचारपूर्वक करीत आहों. म्हैस गायरानावर किंवा कारखान्याच्या आवारांत वैरणीसह सुखरूप बांधली आहे, हें डोळ्यांनीं पाहिल्यावर म्हातारबोवांची समजूत घालावी लागत नाहीं. ते आपण होऊन निघतात.

बरोबर न्यावयाचें गांठोडें मृगापूर्वींच बांधून खुंटीस टांगावें. त्यांत निदान दोन आठवड्यांचीं औषधें व त्यांची चिठ्ठी, चष्मा, कवळी, विजेरी, कोरडे कपडे, आणि आधार, शिधापत्रिका, बँकेचें पुस्तक व सातबारा यांच्या प्रती मेणकापडांत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळून ठेवाव्या. काठी गांठोड्याजवळ असावी. मुलांचे फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहावे, कारण फोन बंद पडला कीं पाठ नसलेला क्रमांक निरुपयोगी होतो. इन्सुलिन घेणारांसाठीं ओल्या फडक्यांत गुंडाळलेलें छोटें मडकें चालतें; कुपी भिजूं नये एवढें पाहावें. निवाऱ्याच्या जागीं थोडे पलंग, मधोमध भोक पाडलेल्या चार खुर्च्या, जवळचा एक संडास व रात्रभर जळणारा दिवा, एवढें ग्रामपंचायतीनें केलें तरी निम्मा हट्ट नाहींसा होईल. ती जागा वृद्धांस पावसापूर्वीं एकदां दाखवून आणावी आणि त्यांचें म्हणणें ऐकावें.

पाणी ओसरल्यावर त्यांस परत नेण्याची घाई करूं नये. भिजलेल्या मातीच्या भिंती ऊन पडल्यावर ढासळतात. गाळांत पाय घसरतो. अडगळींत साप असतात. चिखलांतून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. घर धुवून, भिंती पाहून, पाणी उकळून पिण्याची सोय लागल्यावरच त्यांस न्यावें. नुकसानीच्या पंचनाम्याच्या वेळीं मात्र त्यांचा विसर पडूं नये. पुष्कळ घरीं सातबारा अजून वडिलांच्याच नांवावर असतो, आणि जन्मभर कुदळ धरलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहींत. अशा वेळीं कोणीतरी त्यांच्याबरोबर तलाठ्याकडे व बँकेंत गेलें पाहिजे.

ज्याला त्याला आपल्या घरचें पडलें आहे, तेथें दुसऱ्याच्या म्हाताऱ्याचें कोण पाहणार, हा शेवटचा आक्षेप. त्यास आमचें उत्तर शेतकऱ्याच्याच व्यवहारांत आहे. आपल्याकडे पैरा आहे, सावड आहे, इर्जिक आहे. आज मी तुझ्या रानांत, उद्यां तूं माझ्या रानांत. या देवघेवीवर शेतीचीं मोठमोठीं कामें पार पडत आलीं. वडील माणसांस वेळेवर उंचावर नेणें हाही एक पैराच आहे, आणि त्याची परतफेड निश्चित आहे. कारण आज जो उचलणारा आहे तो उद्यां उचलून नेण्याजोगा होणारच. कृष्णा-पंचगंगाकांठच्या प्रत्येक दूध संस्थेनें येत्या मृगापूर्वीं एक सभा बोलवावी, एक वही घालावी, आणि प्रत्येक नांवापुढें दोन नांवें लिहून तीं चावडींत मोठ्यानें वाचून दाखवावीं, अशी आमची आग्रहाची विनंति आहे. या कामास पैसा जवळजवळ लागत नाहीं. लागतो तो एका संध्याकाळचा वेळ.