हरवायला परवानगी आहे का?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे मधल्या सुट्टीत मराठी बोललं की फाइन लागायचा. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतील, उरलेल्या तुम्ही पदरात घ्या. हा लेख इंग्लिश सेक्शनला दिला असता तर मला सोपं गेलं असतं, पण मग मेसच्या मावशींना वाचून दाखवता आला नसता. आणि हा प्रश्न पहिल्यांदा त्यांनीच विचारला होता, "पोरी, रातच्याला त्या लॅपटॉपात एवढं काय बघायलीस?"

तर मावशी, मी फिरत होते.

आमच्या गर्ल्स हॉस्टेलचं गेट संध्याकाळी सातला बंद होतं. मग गेटच्या आत जेवढी जागा तेवढंच आमचं जग. मागच्या वर्षी एका सीनियर ताईने तिच्या जुन्या लॅपटॉपवर ‘मिस्ट’ नावाचा गेम दाखवला. पुढच्या सेलमध्ये मीही तो स्वस्तात घेतला. त्या रात्री अकरा वाजता मी एका बेटावर एकटी उभी होते. समोर लाकडी धक्का, सगळीकडे पाणी, वाऱ्याचा आवाज. कुठं चाललीस, कोणासोबत, कधी येणार... विचारणारं कोणीच नाही!

रूममेट शेजारी येऊन बसली.

"शत्रू कुठंय?"

"नाहीये."

"टायमर?"

"नाही."

"मरतो कधी?"

"मरत नाही गं."

"मग करायचं काय?"

"बघायचं."

ती पाच मिनिटांत झोपली. तिचं चूक नाही. हॉस्टेलमध्ये गेम म्हटलं की बंदुका आणि रात्रभर आरडाओरडा. पण मित्रांनो, गेमची ही एक वेगळी जात आहे. यात कोडी असतात, भटकणं असतं, आणि बराच वेळ शांतता असते.

‘मिस्ट’ १९९३ साली आला. अमेरिकेतल्या रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी ‘सायन’ या आपल्या छोट्याशा कंपनीत तो तयार केला. तेव्हाच्या साध्या कॉम्प्युटरला इतकं बारीक थ्रीडी दृश्य हलतं दाखवणं झेपत नव्हतं, म्हणून त्यांनी आधीच रेंडर केलेली अडीच हजारच्या आसपास स्थिर चित्रं एकमेकांना जोडली. आज बघितलं तर स्लाइड शो वाटतो. तरी २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत पीसीवर सगळ्यात जास्त खपलेला गेम हाच होता. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बॉक्समध्ये सीडीसोबत एक कोरी वही यायची. नोट्स तुमच्या तुम्ही काढा! आपल्याकडे नोट्स झेरॉक्सच्या दुकानात मिळतात.

आता दुसरी कबुली. ‘मिस्ट’ मी स्वतःच्या हाताने नासवला. त्यात जमिनीखालच्या भुयारात एक गाडी असते. प्रत्येक वळणावर एक आवाज होतो आणि त्या आवाजावरून पुढची दिशा ओळखायची असते. मी तासभर वैतागले. मग सरळ यूट्यूबवर वॉकथ्रू लावला आणि तो सांगेल तशा दिशा दाबत गेले. दहा मिनिटांत भुयार पार. आणि बाहेर आल्यावर... काहीच वाटलं नाही. दुसऱ्याच्या वहीतून जर्नल उतरवल्यावर जसं वाटतं, तसंच.

नंतर कळलं की त्या आवाजांची भाषा गेमने मला आधीच एका दुसऱ्या ठिकाणी ऐकवली होती. मी फक्त ऐकलं नव्हतं. मला ते आवाज ‘म्युझिक’ वाटले होते! तेव्हा एक गोष्ट समजली. या गेम्समधलं वातावरण म्हणजे लग्नाच्या मांडवातली सजावट नाही. वारा, सावली, भिंतीवरची खूण, सगळी माहिती तिथेच असते. डेन्मार्कच्या प्लेडेड कंपनीचा ‘लिंबो’ (२०१०) बघा. काळं-पांढरं जंगल, एक लहान मुलगा आणि सूचनेचा एक शब्द नाही. चुकलात की मुलगा मरतो आणि दोन क्षणांत तिथेच परत उभा राहतो. दर चुकीला एक गोष्ट कळते. आपल्याकडे चुकलं की परत उभं राहायला सहा महिने लागतात, ते जाऊ द्या!

‘रिव्हन’ हा ‘मिस्ट’चा पुढचा भाग, १९९७ चा. या वेळी ठरवलं की यूट्यूब बंद. त्यात पोरांच्या शाळेचा एक ओसाड वर्ग आहे. तिथे एक खेळणं आहे. ते फिरवलं की एक चिन्ह दिसतं, आणि दोरीला टांगलेला छोटा माणूस तेवढे टप्पे खाली, एका राक्षसी माशाच्या तोंडाकडे सरकतो. टप्पे मोजले की कळतं, चिन्ह म्हणजे आकडा. पण खेळणं शिकवतं फक्त एक ते दहा. आणि पुढची कुलपं उघडायला दहाच्या वरचे आकडे लागतात.

मी दहाही चिन्हं वहीत काढली आणि बघत बसले. दोन रात्री काही नाही. तिसऱ्या रात्री वही हातात आडवी आली आणि एकदम दिसलं. एकाचं चिन्ह आडवं केलं की पाच. दोनाचं आडवं केलं की दहा. मग तीनाचं आडवं पंधरा, चाराचं वीस! सहा म्हणजे पाचावर एक बसवलेला. त्या लोकांचं गणित आपल्यासारखं दहाचं नाही, पंचवीसचं आहे. मी रात्री दोन वाजता पलंगावर उभी राहून ओरडले. रूममेटला वाटलं, पाल पडली.

हे मला कोणी शिकवलं नाही. म्हणून ते मी विसरणार नाही.

आता स्टाफपैकी कोणी विचारतील, "आणि त्या सेमिस्टरचा रिझल्ट?" सांगते. माझा स्ट्रक्चरचा बॅक राहिला. घरी बाबांनी एका वाक्यात निकाल लावला, "त्या गेमनं खाल्लं तुला." खोटं बोलणार नाही, तीन रात्री गेल्या त्या गेल्याच. पण पेपर त्यामुळे गेला नाही. पेपरसाठी मी पाच वर्षांचे सोडवलेले प्रश्न पाठ केले होते, अगदी आकड्यांसकट. पेपरमध्ये कमानीचं गणित तेच आलं, फक्त लोड वेगळ्या जागी होता. मी पाठ केलेलंच उत्तर लिहून आले. म्हणजे ‘मिस्ट’च्या भुयारात जे केलं, तेच परीक्षा हॉलमध्ये केलं. वॉकथ्रू पाठ, रस्ता माहीत नाही.

आणि हे फक्त माझंच आहे का? प्रॅक्टिकलला आपण काय करतो? सीनियरच्या फाइलमधून रीडिंग घ्यायचं, ग्राफ आधी काढायचा आणि पॉइंट नंतर बसवायचे. व्हायवाचे प्रश्न आदल्या बॅचकडून. आपण चार वर्षं एकदाही हरवत नाही. मग रस्ता शोधायला शिकणार कधी?

दिवाळीच्या सुट्टीत हाच विचार डोक्यात होता. त्याच दिवसांत ‘राजी’ हा गेम खेळले. ‘राजी : ॲन एन्शियंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आलेला गेम. सर्कशीतली एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या भावाला शोधत निघते. खरं सांगायचं तर त्यात कोडी कमी आणि मारामारी जास्त आहे. पण राजस्थानी धाटणीचे महाल, झरोके, भिंतींवरची चित्रं बघून मी लढाई सोडून नुसती फिरत राहिले. आणि मनात आलं, पुण्याच्या लोकांनी राजस्थान उभं केलं. मग आपल्याकडे असं फिरण्यासारखं काय आहे?

बाबा म्हणाले, "चल, दाखवतो." मोटारसायकलवर बसवून त्यांनी मला सेलू तालुक्यात वालूरला नेलं. तिथली बारव ऐकून माहीत होती, बघितली कधीच नव्हती. गोल विहीर, आणि पायऱ्या सरळ न उतरता चक्रासारख्या फिरत फिरत खाली जातात. कित्येक वर्षं ती गाळ-कचऱ्याने भरलेली होती. गावकऱ्यांनी ती मोकळी केली. २०२२ साली टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्र-पोस्टकार्डं काढली, त्यात ही बारव आहे. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा २०१४ चा गेम मोबाइलवर तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. जिने फिरवत जायचं आणि वाट जोडायची. मला तोच आठवला. फरक एवढाच की हे दगड खरे होते.

आम्ही खाली उतरलो. वर ऊन, खाली गारवा. बोललं की आवाज गोल फिरून परत येत होता. बाबा पायऱ्या मोजत होते, मध्येच चुकले, परत वर जाऊन पहिल्यापासून मोजू लागले. मला ‘गेमनं खाल्लं’ म्हणणारा हाच माणूस! मग ते म्हणाले, "तू सिव्हिलची ना? एवढी माती चारी बाजूंनी ढकलायली. ही भिंत आत पडत कशी नाही?"

माझा हात आपोआप मोबाइलकडे गेला. खाली रेंज नव्हती.

मग बघत बसण्याशिवाय इलाज नव्हता. दहा-पंधरा मिनिटं मी नुसती भिंत बघितली. माती बाहेरून आत ढकलते. सरळ भिंत असती तर ती आत झुकली असती. पण ही गोल आहे. ढकललं की प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला जास्तच घट्ट दाबतो. दगडाला दाब चालतो, ताण चालत नाही. म्हणजे ही तर कमानच आहे, फक्त आडवी झोपवलेली! आणि सांध्यांतून पाणी झिरपत असेल तर भिंतीमागे पाण्याचा दाबही साठून राहणार नाही. मी बाबांना दगड दाखवत दाखवत सांगितलं. त्यांना पटलं. मुख्य म्हणजे मला पटलं. ज्या कमानीने मला नापास केलं ती त्या दिवशी कळली.

माझं म्हणणं एवढंच आहे. गेम खेळा म्हणून हा लेख नाही, आणि बॅकचं समर्थन तर मुळीच नाही. उत्तर हाताशी नसताना थोडा वेळ टिकून राहणं, ही सवय आपल्याला कोणी लावत नाही. मला ती या गेम्सनी लावली.

म्हणून तीन मागण्या. पहिली सरांकडे : एका तरी प्रॅक्टिकलला पहिला अर्धा तास मॅन्युअल बंद ठेवायला सांगा. चुकीचं रीडिंग आलं तर मार्क कापू नका, का चुकलं ते लिहायला लावा. दुसरी रेक्टर मॅडमकडे : महिन्यातून एका रविवारी आम्हा मुलींना बारव बघायला जाऊ द्या. चारठाण्याची आहे, पिंगळीची तर पूर्णेला जाताना रेल्वेतून जे स्टेशन लागतं त्याच गावात आहे. परत यायला साडेसात झाले तर गेट उघडं असू द्या. सोबत कोणी यायचं असेल तर तुम्हीच या, मॅडम! पायऱ्या मोजायला माणूस लागतो.

तिसरी मागणी तुमच्याकडे, मित्रमैत्रिणींनो. अडकलात तर तीन रात्री अडकून राहा. वही आडवी धरून बघा. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून आपण छाती फुगवतो, आणि आपल्या पायाखाली काय आहे ते पोस्टकार्डावर बघतो!

स्ट्रक्चरचा पेपर पुढच्या महिन्यात परत देतेय. या वेळी सोडवलेले प्रश्न घेतलेले नाहीत. भीती वाटतेय... पण वही कोरी आहे आणि पेन्सिल टोक करून ठेवलीय.