मोरपिसांचा गाऊन कोणाचा?

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात केडलस्टन हॉल नावाची मोठी हवेली आहे. लॉर्ड कर्झनचे हे वडिलोपार्जित घर, आता नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात. बंगालची फाळणी करणारा व्हाइसरॉय म्हणून कर्झन आपल्याला शाळेतच भेटतो. या हवेलीतल्या संग्रहालयात त्याच्या पत्नीचा, मेरी कर्झनचा, एक गाऊन काचेआड ठेवला आहे. फॅशनच्या इतिहासात तो पॅरिसच्या ‘वर्थ’ या पेढीचा म्हणून ओळखला जातो. आम्हाला हे अर्धेच खरे वाटते.

सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त कर्झनने जानेवारी १९०३ मध्ये दिल्लीत दरबार भरवला. त्यातल्या शाही नृत्याच्या रात्री लाल किल्ल्यात मेरीने हा गाऊन घातला होता. वजन सुमारे साडेचार किलो! (गळ्याबाह्यांचे माप पाहून आपल्या दादी-नानी काय म्हणतील, ते इथे नको.) अंगभर एकावर एक मोरपिसे, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरव्या भुंगेऱ्याच्या पंखाचा चमकता तुकडा. आपल्याकडे मुले आगपेटीत सोनकिडे ठेवतात, त्यांच्याच जातकुळीचा हा भुंगेरा. दुरून पाहणाऱ्याला ते पाचूच वाटावेत.

ही मोरपिसे पॅरिसमध्ये उमटलेली नाहीत. शिफॉनचे पट्टे आधी दिल्ली-आग्र्याच्या कारागिरांनी जरदोजीने भरले, मग ते समुद्रमार्गे पॅरिसला गेले. तिथे वर्थने ते बेतून गाऊन शिवला, खालच्या घेराला पांढऱ्या शिफॉनची गुलाबफुले लावली आणि गाऊन पुन्हा हिंदुस्थानात आला.

‘जर’ म्हणजे सोने आणि ‘दोजी’ म्हणजे शिवण, हे फारसी. मराठीतला ‘जमीनदोस्त’ हा शब्दही मुळात ‘जमींदोज’च, जमिनीला शिवून टाकलेला. जरदोजीत कापड लाकडी चौकटीवर, म्हणजे कारचोबावर, ताणून बांधतात. टोचलेल्या कागदावरून पूड घासून नक्षीचा खाका उतरवतात. मग चौकटीभोवती मांडी घालून बसलेले कारागीर सलमा, दबका, सितारे एकेक करून टाक्याने बसवतात. मान खाली, पाठ वाकलेली, डोळे तारेवर. दिल्ली, आग्रा, लखनौ, बरेली इथे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्यांत मुस्लिम घराणी मोठ्या संख्येने आहेत.

वर्थ पेढीचा संस्थापक चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा मूळचा इंग्रज. आपल्या नावाची पट्टी पोशाखाच्या आत शिवण्याचा रिवाज त्याने रूढ केला. चित्रकार सही करतो तसा शिंपीही करू शकतो, हा त्याचा दावा, आणि आम्हाला तो पटतो. शिवणाऱ्याला मान मिळालाच पाहिजे. पण मग टाके घालणाऱ्याला का नको? गाऊन घालणारीचे नाव आपल्याला ठाऊक आहे, शिवणाऱ्या पेढीचे ठाऊक आहे. १९०६ मध्ये मेरी वारल्यानंतर या गाऊनमधले तिचे चित्र पूर्ण करणाऱ्या विल्यम लॉग्सडेलचेही ठाऊक आहे. कारागीर मात्र सगळे मिळून ‘हिंदी कारागीर’. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, अशी ताकीद आपल्याला आहे. नाव हेही त्या मजुरीतच धरावे, असे आमचे मत.

मोरच का, हेही पाहण्यासारखे आहे. शाहजहानचे तख्त-ए-ताऊस, म्हणजे मयूरासन, याच किल्ल्यात होते. १७३९ मध्ये नादिरशाहने ते लुटून नेले. १८५८ मध्ये याच किल्ल्यात बहादूरशाह जफरवर खटला चालला आणि त्याला रंगूनला धाडले गेले. त्यानंतर ४५ वर्षांनी तिथेच व्हाइसरॉयची पत्नी मोरपिसे लेवून वावरली. हा नुसता शौक नव्हता. तख्त आता कोणाचे, ते न बोलता सांगणेच होते.

आज गाऊनची धातूची तार काळवंडली आहे. भुंगेऱ्याचे पंख मात्र अजून तसेच चमकतात.

घरात नानीचा जरदोजीचा शरारा किंवा ओढणी असेल, तर तारेचा हा स्वभाव लक्षात ठेवा. तिला दमट हवा सोसत नाही. अत्तर थेट जरीवर लावू नका, डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला. ते काम कोणाच्या हातचे, कोणत्या गावचे, हे नानींना आठवत असेल तर आजच विचारून चिठ्ठीवर लिहा आणि ती मलमलीच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. पेन्सिलने लिहा, शाई कापडात उतरते.