कृषिदूतांना उधारीची वहीही दाखवावी

खरीप हंगामात कृषि महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ म्हणून आपल्या गावी येतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते, रांगोळीने गावाचा नकाशा काढला जातो, छायाचित्रे घेतली जातात आणि मंडळी परत जातात. याच मुलांनी पुढे स्वतःचे उद्योग काढावेत, अशी अपेक्षा आहे. 2015 साली देशातील कृषि विद्यापीठांसाठी सुरू झालेला ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रम ग्रामीण उद्योजकतेची जाणीव वाढविण्यासाठीच आखला गेला, आणि गावातील हा कार्यानुभव त्याचाच एक भाग होय.

महाविद्यालयातही अळिंबी, रोपवाटिका, गांडूळखत, फळप्रक्रिया असे उत्पादन विद्यार्थ्यांकडून करवून घेतात. भांडवल महाविद्यालयाचे, गिऱ्हाईक बहुधा तेथलाच कर्मचारीवर्ग, आणि नफ्यात मुलांचा वाटा. अशाने उद्योगाची गोडी लागते, हे खरे. परंतु ताजी अळिंबी दोन दिवस पडून राहिली व काळवंडली, किंवा दुकानदाराने ‘पैसे दिवाळीनंतर’ असे सांगितले, तर बँकेचा हप्ता कोठून भरावा, हा धडा तेथे मिळत नाही.

नेदरलंड्समधील एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून छोट्या कंपन्या चालवून घेण्यात आल्या. त्याविषयीचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला, व त्यात उद्योग काढण्याची इच्छा वाढण्याऐवजी घटल्याचे आढळले. स्वतःच्या कुवतीची आणि उद्योगास काय लागते याची खरी कल्पना मुलांना आली असावी, असे एक कारण अभ्यासकांनी सुचविले. माझ्या मते हे त्या शिक्षणाचे अपयश नव्हे. ज्याला हा मार्ग मानवणार नाही, त्याला ते बापाची जमीन गहाण पडण्यापूर्वीच कळले, तर त्यात तोटा कोणाचा? केवळ उत्साह वाढविणारे शिक्षण मला अधिक धोक्याचे वाटते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यास विहित शिक्षण लागते. म्हणून काही पदवीधर आपले प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानी वार्षिक मोबदल्यावर टांगतात आणि स्वतः शहरात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. पदवी दुकानात, पदवीधर अभ्यासिकेत! त्यांस दोष देण्याचा अधिकार मला नाही; मीही परीक्षा देऊन नोकरीच पत्करली. त्या वेळी धंद्याचा हिशोब कोणी समोर मांडला असता, तर निदान विचार तरी केला असता. 2002 साली सुरू झालेल्या कृषि चिकित्सालय व कृषि व्यवसाय केंद्र योजनेने अशा पदवीधरांसाठी प्रशिक्षण व कर्जाशी निगडित अनुदान यांची सोय केली. परंतु वर्गात तिचे नाव ऐकणे निराळे आणि चालते केंद्र पाहणे निराळे.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांस माझी विनंती आहे. पुढील खरिपात कृषिदूत आले म्हणजे त्यांस दोन दिवस कृषि सेवा केंद्राच्या गल्ल्याशी बसवावे. उधारीची वही, न खपलेला माल, मुदत संपत आलेल्या बाटल्या, सारे दाखवावे. दुकानदार आधी कुरकुर करील, पण समजावल्यास ऐकेल. आणि ज्या शेतकरी बंधूंचा मुलगा कृषि महाविद्यालयात आहे, त्यांनी सुट्टीत त्याच्या हाती अर्धा एकर भाजीपाला सोपवावा, विक्रीची पट्टी त्यालाच आणावयास सांगावी, आणि हमाली, तोलाई व गाडीभाडे वजा जाता काय उरले, ते त्यालाच लिहू द्यावे.