ऐकणारे वाढले? भरा दंड!

मंडळी, एक साधा हिशोब करू. समजा, अमेरिकेत तुम्ही हौसेने जाहिरातींवर चालणारं एक इंटरनेट रेडिओ स्टेशन काढलंत. तासाला १५ गाणी आणि दिवसरात्र सरासरी १०० श्रोते. शंभर म्हणजे काय हो, आपल्याकडे लग्नातली एक पंगतसुद्धा उठत नाही! २०२१ साली ठरलेला दर होता एका श्रोत्यामागे एका गाण्याला ०.००२१ डॉलर. ऐकायला किरकोळ. गुणाकार करा: वर्षाला सुमारे २७,६०० डॉलर! हे फक्त रेकॉर्डिंगचे; गीतकार-संगीतकारांचे वेगळे. आणि कुणीच ऐकलं नाही तरी तेव्हा किमान १,००० डॉलर होतेच.

आता गंमत बघा. तेच गाणं तिथल्या एफएमवर लाखोंनी ऐकलं तरी गायक-वादकांना एफएमवाला देतो शून्य. सॅटेलाइट रेडिओला २०१८ पासून उत्पन्नाच्या १५.५ टक्के. म्हणजे कमाई कमी तर बिल कमी. इंटरनेटवाल्याने मात्र कमाई असो-नसो, डोकी मोजून भरायचे. वर नियम असा, की या लायसन्सवर ३ तासांत एका गायकाची ४ पेक्षा जास्त गाणी लावायची नाहीत. म्हणजे 'तीन तास फक्त लताबाई' हा कार्यक्रम बाद!

छोट्या स्टेशनांना पूर्वी टक्केवारीची सवलत होती. ती २०१५ अखेर संपली. गुंतवणूकदारांनीही हात आखडता घेतला आणि हजारो छोटी स्टेशनं चालवणारं लाइव्ह३६५ ३१ जानेवारी २०१६ ला बंद पडलं. २०१७ मध्ये नव्या मालकाने ते परत सुरू केलं खरं, पण मधल्या काळात बुडाली ती स्टेशनं बुडालीच.

'मग कलाकारांनी फुकट गायचं का?' असं कुणीतरी विचारणारच. अजिबात नाही! या रॉयल्टीतले ४५ टक्के थेट मुख्य कलाकाराला जातात, ही उत्तम गोष्ट आहे. पण बंद पडलेलं स्टेशन कलाकाराला किती देतं? आणि ज्याची गाणी मोठी स्टेशनं लावतच नाहीत, त्याने जायचं कुठे?

आमच्या धंद्यात युजर वाढले की माणशी खर्च कमी होतो. इथे शंभरावा श्रोता पहिल्याइतकाच महाग. तेव्हा एकच नियम करा: एफएम, सॅटेलाइट, इंटरनेट, सगळ्यांनी कमाईची सारखीच टक्केवारी द्यावी. एफएमनेसुद्धा! नाहीतर कलाकारांच्या नावाने गळा काढणं तरी बंद करा.

असो. हिशोब चुकला असेल तर जरूर सांगा.