अल्लीपूर कोणत्या गावगाड्यात बसते?

अल्लीपूर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील गाव. मुलूख सपाट, माती काळी, पीक मुख्यतः कापूस. 'ग्रामीण साहित्य' शिकवताना आपण या मुलखातील विद्यार्थ्यांपुढे त्रिं. ना. आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ठेवतो. दोन्ही पुस्तकांविषयी आम्हांस आदरच आहे. आक्षेप आहे तो देशावरचे खेडे हेच मराठी खेडे, या आपल्या न तपासलेल्या गृहीतकावर.

वर्ध्याचे खेडे निराळ्या कायद्याने घडले. नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी १८६० च्या दशकातील जमाबंदीत येथील मालगुजारांना गावाच्या मालकीचे हक्क दिले. सारा मालगुजाराने भरायचा, कुळांनी त्याच्याकडे. वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड, आणि तेथे रयतवारी! एकाच मातीचे, एकाच पिकाचे दोन काठ. पण वाड्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचे नाते दोहोंकडे वेगळे. त्यातच अमेरिकेतील यादवीने (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, १८६७ साली रेल्वे नागपुरापर्यंत गेली, आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात घेतले जाऊ लागले. गावाच्या पोटाचा हिशेब असा फार लवकर परक्या बाजाराशी जोडला गेला. स्वयंपूर्ण गावगाड्याची कल्पना येथे कितपत लागू पडते, हा प्रश्न वर्गात विचारला जात नाही.

जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध खेड्याचीही हीच कथा. शेगावला 'सेवाग्राम' हे नाव १९४० साली मिळाले. त्या गावची मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती. ग्रामस्वराज्याचा प्रयोग मालगुजारी गावात झाला, हा विरोधाभास आमच्या मते एखाद्या कादंबरीला पुरेल.

मालगुजारी १९५१ मध्ये गेली, मग आता तिची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु कायद्याने घरखर्चाची शेती मालगुजारांकडे राहू दिली होती. वाडा आणि सालदार यांचे नाते एका तारखेने मिटत नसते.

'धग' (१९६०) आहे ना, असेही उत्तर मिळेल. उद्धव शेळके जन्माने हिंगणघाटचे, आणि कौतिकसारखी व्यक्तिरेखा मराठीत क्वचितच निर्माण झाली. तथापि 'धग'चे खेडे नदीपलीकडचे, वऱ्हाडातले आहे. 'विदर्भाचे चित्रण' असा एकच शिक्का मारून आपण दोन्ही काठ एक करून टाकतो. हे समीक्षेचे आळशीपण आहे.

शब्दांचेही तेच. धुरा, बंडी, पऱ्हाटी या शब्दांना पाठ्यपुस्तकात तळटीप मिळते. बांधाला आणि बैलगाडीला ती लागत नाही. अल्लीपूरच्या मुलाने निबंधात 'धुरा' लिहिला तर तो लाल शाईने खोडू नये, एवढी तरी अपेक्षा आम्ही शिक्षकांकडून करतो. आणि 'गावगाडा' शिकवताना एखादा तास जुन्या जमाबंदीच्या अहवालासाठी काढावा; मालगुजार, मुकद्दम, कूळ हे शब्द मुलांनी आजोबांना विचारून यावेत. उत्तरे पुस्तकाशी जुळणार नाहीत, आणि त्या तासाला चर्चा लवकर संपणार नाही.